वहिनीचा वजनकाटा

माझ्या विषयाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस आदरानं मान डोलावतो आणि मग हळूच विचारतो, “म्हणजे कॉम्प्युटर रिपेरी का?” पूर्वी मला याचा राग यायचा. मी समजावत बसायचे, की रिपेरी नव्हे हो, उलटं. चांगली चाललेली वस्तू घ्यायची, तिच्या पोटातली चिप शोधायची आणि ती बाहेरून कशी फसवता येईल ते बघायचं. चोरानं करण्याआधी आपण चोरी करून बघायची आणि बनवणाऱ्याला सांगायचं, की बाबा रे, इथं भोक आहे, बुजव. हार्डवेअर सिक्युरिटी म्हणतात याला. मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हे शिकवते आणि त्यावर संशोधन करते. हल्ली कुणी रिपेरी म्हटलं तर मी हो म्हणून टाकते. रिपेरी करता आली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

माझं गाव म्हसवडच्या अलीकडं, माणदेशात. पाऊस बेताचा, पण दूध आहे. दादा फौजेत होता, तेव्हापासून वहिनी घराच्या पुढच्या सोप्यात दूध संकलनाचं केंद्र चालवते. सकाळ-संध्याकाळ गावातली माणसं किटल्या घेऊन येतात, वहिनी दूध काट्यावर ठेवते, आकडा मोठ्यानं म्हणते, फॅट बघते, दूध कॅनमध्ये ओतते. पुढं टेम्पो येऊन कॅन घेऊन जातो. एवढंच काम, पण ते एक दिवस चुकवता येत नाही. दादा आता पेन्शनीत आलाय, तरी केंद्र वहिनीचंच. लोक म्हणतात, वैनीकडं दूध घालतो. डेअरीला घालतो असं कुणी म्हणत नाही.

मी कॉलेजात असताना आई गेली. वहिनीला घरात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पुढं माझी पीएचडी करायची वेळ आली तेव्हा भावकीतल्या चार शहाण्यांनी दादाला घेरलं, की पोरीचं वय निघून चाललंय. चहा देता देता वहिनीच बोलली, “शिकू द्या की वन्सास्नी. लगीन काय पळून जातंय व्हय?” भावकीसमोर त्या काळी सुनेनं असं बोलणं सोपं नव्हतं. तिला नंतर ऐकून घ्यावं लागलं असणार. तिनं मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. लग्न पळूनच गेलं, ही गोष्ट वेगळी.

मी गावाहून निघाले की वहिनी माझ्या हातात दुधाची किटली द्यायची. सांगलीत दूध मिळत नाही अशी तिची ठाम समजूत. कॅनमधून माप भरून ओतायची, मग वर आणखी एक धार सोडायची. एकदा मी म्हटलं होतं, “वहिनी, वजन तरी करा, हिशेबात कमी पडेल तुमच्या.” ती हसली होती. “घरच्या माणसाला कसलं वजन?”

आणि खरं सांगायचं तर तिथं वजन कुणीच बघत नव्हतं. काट्याचा डिस्प्ले वहिनीच्या बाजूला असायचा. ती आकडा म्हणायची आणि रांगेतली माणसं आपापल्या गप्पांत असायची. कुणाची म्हैस आटली, कुणाचा पोरगा भरतीत लागला, हे चाललेलं. खंडेनवमीला वहिनी त्या काट्याची पूजा करायची. हळदीकुंकवाची बोटं त्याच्या पुढच्या पत्र्यावर उठलेली होती, आणि ती पुसायची नाहीत असा तिचा दंडक होता.

आता माझ्या धंद्याविषयी. पीएचडीची पहिली वर्षं मी नुसत्या चिपा जाळल्या. मला सिद्ध करायचं होतं ते असं: चिपचा वीजपुरवठा नेमक्या वेळी, डोळ्याची पापणी लवायच्याही आत, जरा दाबला की ती गडबडते आणि कुलूप तपासायचं विसरून पुढं जाते. कागदावर ते छान दिसत होतं. पण लेख पाठवला की परत यायचा, आणि परीक्षकांचा शेरा ठरलेला. शक्य आहे म्हणता, करून दाखवलंत का? हा शेरा मी इतक्या वेळा वाचला की तो माझ्या अंगात मुरला. करून दाखवायचं. शेवटी मी करून दाखवलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मला करून दाखवायची चटक लागली. व्याख्यानाला निघताना बॅगेत काड्यापेटीएवढं यंत्र असायचंच. पोरं मागं म्हणायची, मॅडम जादूगार आहेत. मला ते आवडायचं.

काही वर्षं बाहेर काढून मी सांगलीला परत आले. नवा विषय शोधत होते. तेव्हा लक्षात आलं की बाजारात मिळणाऱ्या कितीतरी वजनकाट्यांत एकच स्वस्तातली चिप आहे. भाजीवाला, किराणा, कापूस, दूध, सगळीकडं तीच. ती फसते का बघितलं. फसली. चार्जिंगच्या सॉकेटात माझं यंत्र लावलं, की सरकारी शिशाचं सील न तोडता काट्याला कमी दाखवायला शिकवता येत होतं, आणि परत सरळही करता येत होतं.

आमच्या धंद्यात एक शिष्टाचार आहे. भोक सापडलं की आधी बनवणाऱ्याला गुपचूप कळवायचं, त्याला दुरुस्तीला वेळ द्यायचा, आणि तोवर तोंड बंद ठेवायचं. मी तो काटेकोर पाळला. कंपनीला सविस्तर कळवलं. ते झोपा काढत बसले तरी मी थांबले. परत विचारलं, परत थांबले. माझ्या विद्यार्थ्यांना मी अजूनही सांगते, की हल्ला शोधणारा आणि हल्ला करणारा यांच्यात फरक फक्त या सभ्यतेचा आहे. मग लेख छापून आला, परदेशातून बोलावणं आलं, आणि मी प्रोफेसर झाले.

गावानं सत्कार ठेवला. देवळापुढं मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. बोलणारे बोलले. आमच्या मातीतली लेक सातासमुद्रापार गेली, वगैरे. मग माझी पाळी आली. मी चिप, वीजपुरवठा, सुरक्षितता असं बोलायला लागले आणि समोर बघितलं तर मागचे लोक उठून तंबाखू मळायला बाजूला चाललेले. पुढच्या रांगेतले एक म्हातारबाबा मोठ्यानं म्हणाले, “पोरी, आमाला कळंल असं सांग की. तू करतीस काय नेमकं?”

माझ्या अंगातला परीक्षक जागा झाला. करून दाखवा.

बायकांच्या घोळक्यात वहिनी बसली होती. मी माइकवरूनच म्हटलं, “वहिनी, तुमचा काटा आणता का जरा?”

ती किती आनंदानं उठली, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आपलीही काही वस्तू या कार्यक्रमाला उपयोगी पडतेय, याचा आनंद. घर तिथून जवळच. ती काटा घेऊन आली, पदरानं पुसून टेबलावर ठेवला, हळदीकुंकवाची बाजू लोकांकडं केली आणि परत जाऊन बसली.

मी सत्काराचा नारळ काट्यावर ठेवला. आकडा वाचून दाखवला. मग बॅगेतून यंत्र काढलं, सॉकेटात लावलं, दोन कळा दाबल्या आणि तोच नारळ परत ठेवला. नारळ पाव हिश्श्यानं हलका झाला होता. मांडवात एकच गलका झाला. शिट्ट्या वाजल्या. तंबाखू मळणारे परत आले. मी काटा उचलून सील दाखवलं, जसंच्या तसं. आणि रंगात येऊन म्हणाले, “निरीक्षक तपासायला आला की काटा पुन्हा सरळ करायचा. कुणाच्या बापाला कळणार नाही!” लोक हसले. म्हातारबाबांनी कपाळाला हात लावला. वहिनीसुद्धा टाळ्या वाजवत होती. मी काटा सरळ केला आणि तिच्या हातात परत दिला.

माझ्या उभ्या आयुष्यातलं ते सगळ्यात यशस्वी व्याख्यान. एवढ्या सोप्या भाषेत मी नंतर कधी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यावर चहा पीत बसले होते. दुधाची रांग लागली होती. आईच्या वयाची एक शेजारीण, वहिनीकडं कायम दूध घालणारी, किटली काट्यावर ठेवल्यावर वाकली आणि पलीकडून डिस्प्लेकडं बघितलं. वहिनी आकडा म्हणायची थांबली. शेजारीण ओशाळली. “काय न्हाई गं, अशीच बघत हुते.” मागून कुणीतरी विचारलं, “वैनी, ती काड्यापेटी मास्तरीणबाईंनी तुमालाच दिली का काय?” सगळे हसले. वहिनी हसली. मीही हसले, आणि वर शहाणपणानं म्हणाले, “नाही हो, माझ्याच बॅगेत आहे.” माझ्या हे डोक्यातसुद्धा आलं नाही की यात काही घडतंय. वहिनीनं किटली भरून दिली, वर धार सोडली, आणि मी आटपाडी-विट्यावरून सांगलीला आले.

पुढं दादाच्या फोनवरून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. आधी कुणीतरी घरून स्प्रिंगचा काटा घेऊन यायला लागलं. मग दोन घरं स्टँडजवळच्या दुसऱ्या केंद्राकडं गेली. मग अख्खी वरची आळी. भांडण कुणीच केलं नाही. आमच्याकडची माणसं तोंडावर बोलायला कचरत नाहीत, पण वहिनीला कुणी काही म्हटलं नाही. भेटली की “बरं हाय का?” विचारायचे आणि किटली घेऊन पुढं जायचे. मागं मात्र बोलत होते, आणि ते बोलणं असं होतं: काट्याला फसवायची विद्या साऱ्या मुलखात एकाच बाईला येते, आणि ती वैनीची नणंद आहे. मग काय राहिलं?

हे ऐकून मी फोनवर दादावर ओरडले. अडाणी आहेत सगळे, म्हणाले. करता येतं म्हणजे कुणी केलंय असं होतं का? एवढा साधा फरक कळत नाही?

दादा शांतपणे म्हणाला, “तुला कळतोय न्हवं फरक? मग तवा त्या मांडवात का न्हाई सांगितलास?”

मी फोन ठेवला. रागानं ठेवला, हे कबूल करते. त्याचा राग यायला काही कारण नव्हतं, तो बरोबर बोलत होता. आमच्या क्षेत्रात ‘करता येतं’ हाच निकाल असतो. तेवढं लिहिलं की लेख छापतात. प्रत्यक्षात कुणी केलं का, याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं, आणि मी तेच तोंड घेऊन गावात गेले, जिथं ज्याच्या हातात काटा असतो त्याला नाव असतं, घर असतं, रोज सकाळी त्याच रांगेला तोंड द्यायचं असतं.

मी रजा टाकून गावी गेले. वजनमापाच्या अधिकाऱ्यांना रीतसर बोलावून काटा तपासून घेतला. बरोबर निघाला. तपासणीचा दाखला सोप्यात लावला. सकाळच्या रांगेसमोर उभी राहिले आणि सांगितलं, की वहिनीच्या काट्यात कधीही काही खोट नव्हती, मी फक्त उदाहरण दाखवलं होतं, चूक माझी. सत्काराच्या दिवशीचे तेच म्हातारबाबा तिथं होते. ते अजून वहिनीकडंच दूध घालत होते. मायेनं म्हणाले, “तू तसं सांगणारच की पोरी, घरची हायस. आन् तपासायला आल्यावर काटा सरळ असतोय, हे तूच सांगितलं हुतंस न्हवं?”

एखादी वस्तू फोडता येते हे सिद्ध करता येतं. ती कधी फोडलीच गेली नाही, हे सिद्ध करता येत नाही. हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते. पोरं ते वहीत उतरवून घेतात. मी तो तास फार रंगवून घेते, अशी माझी ख्याती आहे.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मला तो शिष्टाचार आठवला. ज्या कंपनीनं माझ्या पत्रांना धड उत्तरही दिलं नाही, तिच्या अब्रूसाठी मी महिनोन्महिने तोंड बंद ठेवलं होतं. आणि वहिनीला? मांडवात काटा मागताना मी तिला एका शब्दानं सांगितलं नाही, की मी याचं काय करणार आहे. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, हेही मला माहीत आहे. म्हणून तर विचारायला हवं होतं.

यानंतरही मी एक गोष्ट केली, आणि तिची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. परदेशात मोठ्या सभागृहात याच कामावर बोलायचं होतं. सत्काराच्या वेळी काढलेला फोटो माझ्याकडं होता: वहिनीचा काटा, त्यावर नारळ, पुढच्या पत्र्यावर हळदीकुंकू. तो पडद्यावर लावला की लोक खूश होणार, हे मला कळत होतं. गावात काय झालंय हेही कळत होतं. मी लावला. कुणीतरी विचारलं, ते लाल-पिवळे डाग कसले? मी सांगितलं, आमच्याकडं वर्षातून एकदा हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतात. सभागृह कौतुकानं हसलं. माझ्या वहिनीचा तो काटा तोवर बहुतेक रिकामाच बसून असायचा, हे मी त्यांना सांगितलं नाही.

परत आल्यावर मी झपाटल्यासारखं एकच काम केलं. दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून नवा काटा बनवला. माझाच हल्ला त्याच्यावर चालणार नाही, असा. वीजपुरवठ्याशी कुणी खेळलं तर तो बंदच पडेल. डिस्प्ले दोन्ही बाजूंना. आम्ही त्याला सगळ्या तऱ्हेनं फोडायचा प्रयत्न केला आणि तो फुटला नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो खोक्यात घालून मी गावी घेऊन गेले. मनात आधीच चित्र रंगवलं होतं: वहिनीच्या सोप्यात नवा काटा, परत लागलेली रांग.

वहिनीनं खोकं उघडून बघितलं. काट्यावरून हात फिरवला. “लय झ्याक झालाय,” म्हणाली. मग खोकं बंद करून माझ्याकडं सरकवलं.

“न्हाई ठेवायची मी ह्यो.”

“का वहिनी? याला कुणी हात लावू शकत नाही. मी लिहून देते.”

“आवं वन्सं, आज मी ह्यो मांडला, तर लोक काय म्हणतील? जुन्यात खोट हुती म्हणूनशान नवा आणला. मग तर मी माझ्या हातानं चोर झाले की.” तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बोलायला जागा मिळाली असती. “जी दहा-बारा घरं राहिल्यात ती ह्याच काट्यावर राहिल्यात. ह्योच राहू दे.”

मी खोकं उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. माझ्या सगळ्या शिक्षणात याच्यावर तोडगा नव्हता.

संध्याकाळी रांग लागली. तिला रांग कशी म्हणायची, मोजकी माणसं होती. मी परत त्याच उंबऱ्यावर बसले होते. वहिनीची काम करायची पद्धत बदलली होती. काटा आता फिरवून ठेवलेला, डिस्प्ले लोकांच्या बाजूला. प्रत्येक किटलीच्या आधी ती हात बाजूला घ्यायची आणि म्हणायची, “शून्य बघा.” समोरच्यानं “हाय” म्हटल्यावरच किटली ठेवायची. मग आकडा ती म्हणत नव्हती, तो समोरचा माणूस म्हणायचा. गप्पा कुणी मारत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष आकड्याकडं. कुणाची म्हैस आटली, ते मला त्या संध्याकाळी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. एसटीची वेळ झाली होती. वहिनीनं नेहमीसारखी माझी किटली घेतली, विसळली आणि कॅनकडं जायच्याऐवजी काट्याकडं गेली. रिकामी किटली ठेवली, आकडा शून्यावर आणला, हात बाजूला घेतला.

“शून्य बघा, वन्सं.”

तिच्या मनात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तिला ते आपण म्हणालो हेही क्षणभर कळलं नसावं. सवय लागली होती तिला. कळल्यावर ती एकदम कावरीबावरी झाली, हसायला गेली, पण हात तसाच बाजूला धरून उभी राहिली.

मला म्हणायचं होतं, घरच्या माणसाला कसलं वजन? तिचंच वाक्य होतं, तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याआधी माझी नजर आकड्याकडं गेली. इतक्या वर्षांची माझीही सवयच ती. मी शून्य बघितलं, मग खाली वाकून सील बघितलं, मग चार्जिंगचं सॉकेट बघितलं.

मान वर केली तेव्हा वहिनी माझ्याकडं बघत होती.

“बरोबर हाय न्हवं?” तिनं विचारलं.

“आहे,” मी म्हणाले.

तिनं दूध ओतलं. वर धार सोडली नाही.